हयातीचा दाखला

जुगाऱ्याची अक्कल फार चालते, फक्त नको तिथं. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या प्रफुल्लचीही चालली. "पुन्हा खेळलास तर मी आपल्या रुहीला घेऊन जाईन," असं बायकोनं, दीक्षानं, सांगितल्यावर त्यानं तिच्यासमोरच ऑनलाइन कॅसिनोतलं आपलं खातं कायमचं बंद केलं. महिनाभर हात शिवशिवत राहिले. मग त्याची नजर वडिलांवर गेली.

राजाराम नागपूरचे निवृत्त शिक्षक, ग्रीन कार्डावर लेकाकडे राहायला आलेले. नोव्हेंबर होता. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे फोनपुढं बसून डोळे मिचकावायचे.

"बाबा, इकडं बघा. आता ब्लिंक करा."

म्हाताऱ्यानं केस विंचरून, शर्टाचं वरचं बटण लावून डोळे मिचकावले. दाखला कसला नि काय, त्या चेहऱ्यावर प्रफुल्लनं वडिलांच्या नावानं कॅसिनोत नवं खातं उघडलं. खरा दाखला उद्या करू, असं त्यानं ठरवलं. जुगाऱ्याचा उद्या कधी उजाडतो?

व्हीपीएन लावलं की फोन न्यू जर्सीत असल्याचं दिसायचं; तिथं हा खेळ कायद्यात बसतो, मॉरिसव्हिलात नाही. पण गाव बदललं तरी फोन तोच, घरचं वायफाय तेच. कॅसिनोवाले काय दूधखुळे आहेत? थोड्याच दिवसांत मेल आला: बंद झालेलं खातं याच फोनवरचं होतं, म्हणून हे दुसरंही बंद. आतले पैसे बुडाले. तरी प्रफुल्लला सुटल्यासारखं वाटलं, कारण घरात कुणाला कळलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पेन्शन आली नाही. बँकेतला माणूस फोनवर म्हणाला, "तुमचा दाखलाच मिळाला नाही, काका."

दीक्षा शेजारीच उभी होती. "बाबा, तुम्ही तर दिला म्हणाला होतात. कोणी करून दिला?"

राजारामांनी लेकाकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. जन्मभर पोरांची कॉपी पकडलेला माणूस तो. त्यांना कळलं, आणि कळलं हे प्रफुल्ललाही दिसलं.

"राहून गेलं असेल गं," ते म्हणाले. "दिला असंच वाटत होतं मला. हल्ली विसरायला होतं."

प्रफुल्ल लाजेनं मेल्याहून मेला.

दीक्षा घाबरली. "मी मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेते. आणि बाबा, उद्यापासून रुहीला स्कूलबसवरून आणायला तुम्ही जाऊ नका."

नातीचा हात धरून घरी येणं, एवढाच त्यांचा दिवसातला आनंद होता. "बरं," ते म्हणाले.

दीक्षानं नवऱ्याला विचारलं, "बरोबर आहे ना, प्रफुल्ल?"

"हो," प्रफुल्ल म्हणाला.