लालासाहेबांच्या बागेतला आगीचा गोळा

आकाशातून आगीचा गोळा गेला हे खरंच होतं. कराडपासून आटपाडीपर्यंत लोकांनी तो पाहिला, कुत्री केकाटली, मोबाईलवर रात्रभर दुसरा विषय नव्हता. पण तो गेला तेव्हा लालासाहेब सुभेदार अंगणात डोक्यावरून घोंगडं घेऊन घोरत होते, हे त्यांच्या सुनेला, मंगलला, पक्कं ठाऊक होतं. गोळा पाहिला होता तिनं. पूर्वेला, कर्नाटकाच्या अंगाला तो विझत गेला होता.

सकाळी चॅनेलवाले आले. शेजारची वाडी म्हणते गोळा आमच्याकडे पडला, असं त्यांच्या तोंडून ऐकलं आणि लालासाहेबांना दम निघेना. निवृत्त सुभेदार गावात असताना मान शेजारच्या वाडीनं घ्यायचा म्हणजे काय! मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, गोळा आमच्या डाळिंबाच्या बागेत पडला, मी या डोळ्यांनी पाहिला. बागेच्या तोंडाशी असलेला काळा खड्डाही त्यांनी कॅमेऱ्याला दाखवला. तो खड्डा मंगलनं खणला होता. तेल्या रोगानं गेलेलं झाड गेल्या आठवड्यात उपटून तिनं त्यात जाळलं होतं, आणि ते उपटताना दोर ओढायला लालासाहेबच होते.

दुपारी चौकशीला नायब तहसीलदार आले, बरोबर पोलीस आणि तलाठी. खड्ड्याचे फोटो झाले, पंचनामा झाला, बागेला चारी बाजूंनी पिवळी फीत लागली. पुण्याहून शास्त्रज्ञ येईपर्यंत आत कुणी जायचं नाही, जमीन ओली करायची नाही. मंगलनं पदर सावरत साहेबांना सांगून पाहिलं की तिथं आम्हीच झाड जाळलंय. साहेबांनी लालासाहेबांकडे पाहिलं. लालासाहेब हसले आणि म्हणाले, "बायामाणसाचं काय मनावर घेता सायब?" साहेबही हसले. मग दोघांना चहा मंगलनंच करून दिला. कपात मीठ घालावं असं तिच्या फार मनात आलं.

रात्री जेवताना तिनं सासऱ्यांना पाण्याची आठवण करून दिली. फुलं धरावीत म्हणून पाणी तोडून बागेला ताण दिलेला, विहीर कोरडी, आणि उद्या कालव्याची पाळी. हे पहिलं पाणी चुकलं की वर्षाचा बहार गेला. नवरा शंभूराज तिकडे सरहद्दीवर. बाग लावली तिनं, जगवली तिनं. लालासाहेबांनी ताट सरकवलं. दिलेला शब्द मागं घेतला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाले. वर्षाच्या पिकापेक्षा यांची मिशी मोठी! मंगलच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज मात्र शेजारपर्यंत गेला.

सकाळी कालव्याचं पाणी सोडणारा बिराप्पा पाटकरी बांधावर येऊन उभा राहिला. पाणी पाटात आलं होतं. तुम्ही घेणार नसाल तर खाली हरिबाच्या रानात सोडतो, मला थांबता येत नाही, असं तो म्हणाला. चूक त्याची नव्हती.

शास्त्रज्ञांची वाट पाहत साहेब बागेच्या तोंडाशी खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत लालासाहेब, भोवती गाव जमलेलं. मंगलनं बांधाच्या कोपऱ्यातलं खोरं उचललं, फीत हातानं तोडली आणि पाटाचं मातीनं बुजवलेलं दारं मोडलं. पाणी आधी त्या काळ्या खड्ड्यात शिरलं, भरून वाहिलं आणि पहिल्या सरीला लागलं.

साहेब ओरडत उठले. सरकारी पुरावा नष्ट केला म्हणून गुन्हा दाखल होईल, म्हणाले, आणि पोलिसाला तिला गाडीत बसवायला सांगितलं. मग लालासाहेबांकडे वळून म्हणाले, "सुभेदारसाहेब, गोळा इथंच पडला असा लेखी जबाब द्या. म्हणजे आम्हाला यांच्यावर कारवाई करता येईल."

मंगलनं मान वर केली नाही. खोऱ्यानं सरीतली माती ओढत ती म्हणाली, "द्या की मामंजी. कालपास्नं लय बोलताय, आता लिवून द्या."

लालासाहेबांनी तलाठ्याचा पेन हातात घेतला. मग तो परत देऊन ते उठले, पायातल्या वहाणा काढल्या आणि धोतर वर खोचून खड्ड्यात उतरले. गुडघाभर चिखलात हात घालून त्यांनी डाळिंबाचं अर्धवट जळकं बुडखं ओढून काढलं आणि साहेबांच्या पुढ्यात टाकलं.

"ह्ये जाळल्यालं हाय हितं," ते म्हणाले. "गोळा आभाळातनं न्हाई पडला सायब. माज्या तोंडातनं पडला."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा पडला. आता वर काय कळवायचं, ही त्यांची चिंता. दोन दिवस सरकारला नाचवलंत म्हणून ते लालासाहेबांवर बरसायला लागले, आणि म्हातारा खड्ड्यातून सरीकडे जाणाऱ्या पाण्यातच उभा राहून, चिखलानं माखलेले हात लांब धरून मान खाली घालून ऐकत राहिला. एकदा त्यानं सुनेकडे पाहिलं. तिनं निदान आता तरी काही बोलावं, अशी त्याची नजर होती.

मंगलचा राग तसूभरही उतरला नव्हता. पाळीचा अर्धा वेळ संपला होता आणि निम्मी बाग अजून कोरडी होती. ती खोरं घेऊन त्यांच्यापाशी आली.

"मामंजी, पाय काढा," ती म्हणाली. "पाणी अडतंय."