तिसऱ्या रिळातला माणूस

मळेवाडीच्या जत्रेला भाड्याने गेलेली सिनेमाची प्रिंट परत आली, तेव्हा मालन कोरेचा नवरा तिसऱ्या रिळात होता. मशीन आणि रिळांचे डबे एसटीच्या टपावरून उतरले ते सुतळीने नीट बांधलेले, आणि वर त्याच्या चपला. सोबत जत्रा कमिटीचे बाळगोंडा पाटील स्वतः आले होते. मिरजेच्या त्या बारक्या दुकानाच्या पायरीवर ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, मालक तिथंच राहिले."

"तिथं म्हणजे? मळेवाडीत?"

"न्हाई. पिक्चरमधी."

मालनने चपला उचलल्या, धूळ झटकली आणि दाराआड ठेवल्या. मग म्हणाली, "आत या. पाणी घ्या. आणि पहिल्यापासून सांगा. काही गाळायचं नाही."

कोऱ्यांचा धंदा सोळा एमएमच्या प्रिंटांचा. जत्रा, गणपती, बारसं, कुणाच्या गच्चीवर सत्यनारायण, जिथं बोलावतील तिथं मालनचा नवरा गुरुपाद मशीन आणि डबे घेऊन जायचा. व्हिडिओ आला आणि गावोगावच्या भाडेवाल्यांनी मशिनी भंगारात घातल्या. हे दोघं मात्र चिवट. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवा बंद, अंधार, दुसरं रीळ चढवायचं, मग पुन्हा दिवा. तेवढ्यात लोक बिड्या ओढायचे, पोरांना हाका मारायचे. दोन बांबूंमध्ये कापड ताणलेलं असायचं. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. बायकांना सगळं उलटं दिसायचं, नायक डावखुरा आणि पाट्या न वाचता येण्याजोग्या. पण कुणी कधी तक्रार केली नाही.

तर मळेवाडीत दुसरं रीळ संपलं. गुरुपादने तिसरं चढवून ठेवलं आणि वाऱ्याने कापड सैल झालं होतं म्हणून दोरी ताणायला मागे गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाळगोंडांनी बटण दाबलं.

"ते मशीनजवळ आल्याबिगर बटण दाबायचं नसतं, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"ठाऊक हुतं. मला वाटलं, आले असतील."

"वाटलं!" मालनचा आवाज चढला. "अहो, तुम्हाला वाटलं आणि माझं माणूस गेलं की हो!"

बाळगोंडा मान खाली घालून बसले. शेवटी मालननेच त्यांना चहा दिला, कारण घरी आलेल्या माणसाला तसंच घालवणं तिला जमलं नसतं.

ते गेल्यावर तिने दार लावून तिसरं रीळ भिंतीवर सोडलं. लग्नाची पंगत होती. सगळ्यात शेवटच्या पानावर गुरुपाद बसलेला, काळापांढरा. घड्याळ उजव्या हातात, सदऱ्याचा खिसा उजवीकडे. म्हणजे हा मागच्या बाजूने आत शिरलाय, तिने ओळखलं. जिलबी वाढणारा आला तसा गुरुपादने पानावर हात आडवा धरला. घरीही तो असाच करायचा, आणि मग घ्यायचाच.

"अहो," मालन भिंतीला म्हणाली. "उठा तिथून."

त्याने जिलबी घेतली.

दुसऱ्या दिवशी तो पंगतीच्या मधोमध होता. तिसऱ्या दिवशी पानावर नव्हताच, वाढत होता. चौथ्या वेळी नवरीने त्याला वाकून नमस्कार केला आणि "मामा" म्हणाली. गुरुपादचे डोळे भरून आले. सतरा वर्षांच्या संसारात मालनने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिला असा राग आला की मशीन लाथाडावं.

धाकटा दीर येऊन भिंतीसमोर बसला. "वहिनी, बरं चाललंय की दादाचं. काम बी चांगलं करतोय."

"भावजी, तुम्हाला एवढं आवडलं असेल तर तुम्ही जा आणि त्यांना पाठवा."

दीर चहा न घेता गेला.

पाचव्या वेळी तिसऱ्या रिळाच्या शेवटी गुरुपाद ट्रंक भरताना दिसला. नवरीची माणसं चौथ्या रिळात आगगाडीने कायमची दूर निघून जात, हे मालनला तोंडपाठ होतं. तो ट्रंकेत सदरे घालत होता. एकदा का तो गाडीत बसला की पुढे समाप्त. त्यापलीकडे कुठलंच रीळ नव्हतं. तिने मशीन थांबवलं आणि पदर खोचला.

मशीन आणि डबे घेऊन ती मळेवाडीत पोचली, तेव्हा जत्रेचे पाळणे कधीच उतरले होते.

"तेच कापड, तेच बांबू, तीच जागा," मालन म्हणाली. "माणसंही तीच. पुरुष पुढं, बायका मागं."

"बाई, जत्रा झाली आता," बाळगोंडा म्हणाले.

"मग परत भरवा."

त्यांनी भरवली. नाही म्हणायला त्यांना तोंड कुठं होतं? दिवेलागणीला माणसं जमली, शेंगदाणेवालाही आला. मालनने मशीन लावलं आणि बाळगोंडांना जवळ बोलावलं.

"तुम्हीच चालवायचं. पण उलटं. तिसरं रीळ शेवटाकडून तोंडाकडे. जसे आत गेले तसे बाहेर येतील. आणि काही झालं तरी दिवा मालवायचा नाही. मागं दोरी ताणायला गेले आणि अंधार होता, म्हणून तर कापडाने गिळलं त्यांना. कळलं का?"

"कळलं."

"या खेपेला वाटून घेऊ नका काही."

ती कापडाच्या मागे गेली. बायकांत पुढे बाळगोंडांची बायको पद्मावती बसली होती. तिने उठून मालनला जागा दिली. "माझ्या माणसाचं चुकलं, बाई," ती म्हणाली. "काय लागंल ते सांगा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मालनला ते खरं वाटलं.

रीळ उलटं सुरू झालं. बोलणं उलटं, सनई उलटी. गुरुपादने ट्रंकेतून सदरे काढले. नवरीने नमस्कारातून मान वर केली आणि पाठमोरी न होता मागे मागे निघून गेली. पाहुण्यांनी तोंडातून जिलब्या काढून पानावर ठेवल्या, वाढप्यांनी त्या उचलून नेल्या. गुरुपाद शेवटच्या पानावरून उठला आणि उलट्या पावलांनी येऊ लागला, पाठ मालनकडे करून. तो मोठा मोठा होत गेला. मग कापड फुगलं आणि त्यातून त्याची पाठ बाहेर आली.

मालनने दोन्ही हातांनी सदरा पकडला. घरून गेला तेव्हा तो निळा होता, हाताला लागला तो राखाडी. पण अंग ऊन होतं आणि घामाचा वास त्याचाच होता. "आला गं बाई!" ती ओरडली, आणि तिला हसूच फुटलं. टाचा आल्या, कंबर आली, खांदे आले. पद्मावतीने मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि दोघींनी मिळून ओढलं.

आणि रीळ संपलं. फिल्मचं टोक मशीनमध्ये चटाचटा आपटू लागलं. कापडावर नुसता पांढरा उजेड. गुरुपादचं डोकं आणि हात अजून आत होते, सपाट, काळेपांढरे.

तेव्हा मालनच्या लक्षात आलं. रिळाचं तोंड प्रत्येक खेळात थोडं फाटतंच. प्रिंट परत आली की तेवढा तुकडा कापून टाकायचा, ही त्यांची रीत. बाळगोंडा चहा पिऊन गेल्यावर, भिंतीवर रीळ सोडण्याआधी, तिने सवयीने कात्री चालवली होती. नवरा ज्यातून आत गेला तोच तुकडा. केरात गेला होता.

"बाई, संपलं!" पुढून बाळगोंडा ओरडले. "आता वो?"

मालनने क्षणभरच विचार केला. दुसऱ्या रिळात गुरुपाद मुळी नव्हताच. ते उलटं लागलं तर त्याला बाहेर यावंच लागेल.

"दुसरं चढवा! शेवटाकडून!"

"दिवा घालवू?"

"दिवा घालवलात तर तुमच्या दारात येऊन बसेन मी जन्मभर! चालू दिव्यावर चढवा!"

बाळगोंडांनी चालू दिव्यावर रीळ चढवायला घेतलं. त्यांचा हात भिंगापुढून गेला आणि कापडावर हाताची सावली पडली, पाचही बोटं बांबूएवढी. आतून गुरुपादने मान वळवून मालनकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी सावलीचं एक बोट घट्ट धरलं.

"बाई," बाळगोंडा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ह्यांनी माझं बोट धरलंय."

"धरू दे. तुम्ही रीळ चढवा."

"एका हातानं न्हाई चढत."

मालनने ओढलं. गुरुपाद हनुवटीपर्यंत आला. कापडावरची सावली किंचित लहान झाली. तिने पुन्हा ओढलं, कान आले, आणि सावली आणखी लहान झाली. आता हातामागे दंड दिसत होता, टोपी दिसत होती. माणूस भिंगाजवळ असला की सावली डोंगराएवढी, कापडाजवळ आला की माणसाएवढी. हे मालनला कुणी सांगायला नको होतं. पुढून लोकांचा ओरडा ऐकू आला, "पाटील अण्णा! अवो अण्णा, मागं व्हा!"

पद्मावतीचे हात मालनच्या कमरेवर थांबले. "थांबा, बाई," ती म्हणाली.

"नाही थांबणार."

"अवो, माझं माणूस चाललंय!"

"माझं गेलं होतं," मालन म्हणाली. "तुम्ही सोडा. मी सोडणार नाही."

पद्मावतीने मिठी सोडली आणि बांबूला वळसा घालून पुढे नवऱ्याकडे धावली. मालनने टाचा जमिनीत रोवल्या, सदरा मुठीला गुंडाळला आणि ओढलं. कापडावर आता दोन सावल्या होत्या, एकीने दुसरीच्या कमरेला मागून मिठी मारलेली. दोघीही मागे रेलल्या होत्या, आणि दोघीही लहान होत होत्या.