वारुळाजवळची पाटी

निवृत्तीनंतर बाबा दर रविवारी शहराबाहेरच्या राखीव जंगलात फिरायला जायचे. पायवाटेवरची एकही पाटी वाचल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. म्हणून ते गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईने जाहीर केलं, की भोजनदान साधं ठेवू आणि ह्यांच्या नावाची एक पाटी तिथे देऊ.

महिन्याभराने आई, धाकटा भाऊ बुद्धभूषण आणि मी जंगलाच्या फाटकाजवळच्या कचेरीत गेलो. तिथल्या अधिकारी प्रियदर्शिनी मॅडमनी देणगीतून लावायच्या पाट्यांच्या विषयांची यादी पुढे सरकवली. मोर, चितळ, वड आधीच लोकांनी घेतले होते. घोरपड आणि वाळवीचं वारूळ, एवढंच उरलं होतं.

"घोरपड नको," आई म्हणाली. "नातेवाइकांना काय सांगू?"

"मग वाळवी?" बुद्धभूषणने विचारलं.

आबिड्सच्या पोस्टातली नोकरी सोडली तर बाबांचं आयुष्य वाळवीशी भांडण्यात गेलं. बरकतपुऱ्याच्या घरात पुस्तकांच्या कपाटाचे चारही पाय रॉकेलच्या वाट्यांत उभे असायचे. आमच्या प्रत्येक पुस्तकाला स्टोव्हचा वास यायचा. तरी वाळवी यायचीच. "सुरुवात केली की शेवटच्या पानापर्यंत जाते," बाबा म्हणायचे. "आमच्या भूषणपेक्षा बरं वाचन आहे तिचं."

आईने पदर सावरला. "वाळवीच द्या. ह्यांना तिच्याइतकं कामाला कुणी लावलं नाही."

मजकूर चाळीस शब्दांत बसवायचा होता. तेलुगू आणि इंग्रजीखाली मराठीही चालणार होती. देणगीदाराचं किंवा दिवंगताचं नाव मात्र चालणार नव्हतं.

"नाम नक्को मॅडम," प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या. "पिछले साल एक साहब का नाम इत्ता बड़ा लगा, लोगां उनकोच मोर समझे."

मी त्या नावासाठीच आले होते. पण वाद घालण्याचा माझा स्वभाव नाही. तिथल्याच बाकावर बसून मी लिहिलं: 'वाळवी पडलेल्या लाकडाची माती करते. तिला घालवता येत नाही. एक वाट बुजवली, की ती आठव्या दिवशी दुसरीकडून येते.'

बुद्धभूषणने ते एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. तो शिकला इंग्रजीत. तो शेवटाला येईपर्यंत मॅडमचा चहा संपला.

"आठवेच दिन कैसा?" त्यांनी मला विचारलं. "किताबां में तो नहीं है."

"बाबांनी पाहिलंय. दर वेळी तारीख लिहून ठेवायचे. वह्या आहेत घरी."

त्यांनी कपाटातून दुसरा फॉर्म काढला. "किताब में नहीं तो देखनेवाले का नाम डालना पड़ता. पाटी पे, नीचे. रूल है."

मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला आणि सांगितलं, "तातेराव सोनकांबळे."

"फोन नंबर? किसी को शक आया तो पूछने के लिए."

मी माझा सांगणार, तोच आईने बाबांचा सांगितला, न अडखळता. पिशवीतून त्यांचा फोन काढून तिने टेबलावर ठेवला. पूर्ण चार्ज होता. तो ती रोज चार्ज करते, हे मला माहीत नव्हतं.

"आई, लोक वाळवीबद्दल विचारतील," मी हळूच म्हणाले.

"विचारू देत. चाळीस वर्षं रोज तेच ऐकलंय."