बाबांनी वाढवलेला पाय

गुरुवारी सकाळी प्रेम नगरातल्या हाडांच्या रुग्णालयाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पार मऊरानीपुरापासून माणसं आली होती, कुणी कुबड्यांवर, कुणी मुलाच्या पाठुंगळी. बरुआसागरचे चरणदास बाबा येऊन आखूड झालेले पाय लांब करणार होते. दवाखान्यात ही जत्रा कशी, असं विचारायची सोय नव्हती, कारण रुग्णालयाच्या मालकीणबाईच बाबांच्या भक्त.

अरुंधतीला शिसारी आली होती, पण करते काय? पहिल्या बाकावर तिचाच नवरा बसला होता. दामोदर सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासणारा इंजिनिअर, अर्ध्या मिलिमीटरसाठी माल परत पाठवणारा. महिन्यापूर्वी ट्रकने स्कूटर उडवली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. आत सळी घातली, पण पाय किंचित आखूड राहिला. आता तीन आठवडे इथेच राहून वॉकरने चालायला, जिना चढायला, न्हाणीघरात तोल सांभाळायला शिकायचं आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जायचं, असं ठरलं होतं. पाचव्या दिवशीच त्याला व्यायामाचा वीट आला. त्यात थोरले बंधू भाऊसाहेब बाबांना पाय दाखव म्हणून कानाशी लागलेले.

बाबांनी त्याला पाय लांब करून बसवलं, दोन्ही टाचा तळहातांवर घेतल्या आणि लोकांना दाखवल्या. उजवी टाच खरंच मागे होती.

"देखो, डेढ़ अंगुल छोटी," बाबा म्हणाले. मग डोळे मिटून पुटपुटणं, थोडं थरथरणं, "बढ़ रही है, बढ़ रही है" असा गजर, आणि टाचा जुळल्या. भाऊसाहेबांनी तिथेच लोटांगण घातलं. आता डॉक्टरांच्या कसरतीची गरज नाही, असंही बाबांनी फुकटात सांगून टाकलं.

झालं. दामोदरने घरी जाण्याचा फॉर्म मागवला. व्यायाम शिकवणारी मेघना कळवळून सांगत होती की अजून एकही पायरी चढलेला नाहीत, पडलात तर पुन्हा ऑपरेशन. हा आपला सही करायला पेन शोधतोय.

अरुंधती उठली आणि बाबांसमोर जाऊन बसली.

"बाबाजी, मेरे भी पाँव देख लीजिए."

बाबांनी टाचा धरल्या. "बाईं टाँग छोटी है, बिटिया." पुन्हा तेच पुटपुटणं, तीच थरथर, आणि डावा पायही वाढला. जयजयकार झाला. अरुंधती उठून अंगणाच्या टोकापर्यंत ताठ चालत गेली आणि परत आली.

"मेरे दोनों पाँव जनम से बराबर हैं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "अब एक बढ़ गया, तो मुझे लँगड़ाना चाहिए ना?"

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, कारखान्यात माप घेताना आधी काय करता?"

"एक टोक पक्कं धरतो," दामोदर सवयीने बोलून गेला.

"यांनी कुठलं धरलं?"

दामोदरच्या हातातलं पेन थांबलं. मेघनाने टेप आणली आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. उजवा एक सेंटिमीटर कमी, भरती झाले त्या दिवशी होता तेवढाच. मग तिने भाऊसाहेबांना बाकावर बसवून त्यांच्या टाचा हातात घेतल्या. दोन्ही पाय जरा एका बाजूला सरकवले की कंबर तिरकी होते आणि एक टाच मागे पडते, मधे आणले की पुन्हा जुळते. भाऊसाहेबांचा पाय तिने तीनदा आखूड करून तीनदा वाढवला. मंत्र एकही म्हटला नाही.

शंकेखोरांपुढे शक्ती टिकत नाही, असं म्हणत बाबा गाडीकडे निघाले. अर्धी गर्दी त्यांच्याच मागे गेली, हेही सांगायला हवं. डोळ्यांनी पाहिलेलंही ज्यांना नको असतं, त्यांची कीव तरी किती करायची?

दामोदरने फॉर्म फाडला. सरावाच्या चार पायऱ्या चढताना त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो रोज चढला. एका सेंटिमीटरचा इलाज सीपरी बाजारातल्या मोच्याने बुटाच्या टाचेखाली कातडं ठोकून केला. ठरलेले तीन आठवडे भरल्यावर दामोदर कठडा धरून स्वतःच्या पायांनी दोन मजले चढला आणि दारात धापा टाकत उभा राहिला. अरुंधतीने कुलूप उघडलं.

पाय तुमचा आहे आणि पडणारही तुम्हीच आहात. चमत्कार दाखवणाऱ्यासमोर आधी टेप ठेवा. जो मोजू देत नाही, त्याच्या हातात आपली टाच देऊ नका.