शाल-श्रीफळाचे व्हिडिओ

मराठी मंडळाचं ॲप क्षमाने फुकट बांधून दिलं होतं, आणि फुकटचं म्हटल्यावर त्यात अक्कल पाजळायला सगळेच पुढे. काम साधं होतं. रायपूरच्या आसपासच्या गावांतल्या रक्तदात्यांची नावं, गट, नंबर. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनात व्हावी, आणि नेटवर्क आलं की आपोआप सगळ्यांच्या फोनात पोचावी.

पण अध्यक्ष नीलकंठराव पडले रेल्वेतले निवृत्त साहेब, त्यांना सत्काराचं वेड. शिबिर कुठलंही असो, आधी यांच्या अंगावर शाल, मग यांचं लांबलचक भाषण, आणि त्याचा व्हिडिओ. हे सगळे व्हिडिओ त्याच ॲपात, नावांच्याच डेटाबेसमध्ये हवेत, असं त्यांनी बैठकीत ठरवून घेतलं. क्षमाने परोपरीनं सांगितलं, की व्हिडिओ बाहेर वेगळे ठेवू, आत फक्त त्यांची लिंक ठेवू, ज्याला बघायचा तो बघेल. तर म्हणे, नेटवर्क नसलेल्या गावात लोक भाषण कसं ऐकणार? जणू गावकरी भाताची रोवणी सोडून यांच्याच भाषणासाठी ताटकळले होते. बैठकीतल्या एकाही नंदीबैलाने मान हलवायची थांबवली नाही. नाकापेक्षा मोती जड झाला.

आणि आज त्याच नीलकंठरावांच्या बायकोला, सत्यभामाकाकूंना, ऑपरेशनमध्ये रक्तस्राव सुरू झाला होता. गट बी निगेटिव्ह. रक्तपेढ्यांनी हात वर केले. मंडळाच्या यादीत त्या गटाचं कुणी नव्हतं, पण कालच अभनपूरच्या शिबिरात एक तरुण सापडला होता. दुर्मिळ गट, गरजेला बोलवू, म्हणून त्याचं रक्त न घेता विनायक नावाच्या कार्यकर्त्याने त्याचा नंबर आपल्या फोनातल्या ॲपात टिपून ठेवला होता.

विनायक फोन घेऊन हॉस्पिटलात धावत आला, पण ॲप उघडलं की लगेच मिटायचं. नीलकंठरावांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आणि त्यांचं कालचं भाषण, असे दोन अगडबंब व्हिडिओ त्याच्या पोटात बसले होते. ते नेटवर्कवर चढत नव्हते आणि रांगेत मागे असलेली नावंही चढू देत नव्हते. विनायकला त्या तरुणाचं नाव लोकेश होतं एवढंच आठवत होतं. फोनात जागा व्हावी म्हणून त्याने मूळ व्हिडिओही पुसून टाकले होते, ॲपात आहेतच म्हणून.

क्षमाने फोन लॅपटॉपला जोडला. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नीलकंठराव इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. तिने त्यांना सांगितलं, "काका, व्हिडिओ उडवल्याशिवाय नंबर निघणार नाही. आणि ते दुसरीकडे कुठंच नाहीत."

"पंचाहत्तरीचा बी?"

"दोन्ही."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "कापी काढून घे ना पहिले. किती वेळ लागते?"

"अर्धा तास तरी."

"मंग काढ ना. तवरीक डॉक्टर आहेत ना अंदर."

आत बाई रक्ताविना पडली आहे आणि हा माणूस हारतुऱ्यांची कॉपी मागतो. क्षमाला त्यांच्या सदऱ्याच्या इस्त्रीचीसुद्धा किळस आली. तिने दोन्ही व्हिडिओ पुसून टाकले. ॲप उघडलं. लोकेशचा नंबर लागला. हव दीदी, निकलत हंव, एवढं म्हणून तो मोटरसायकलवर निघालाही.

तो आला, रक्त दिलं, आणि बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की आता धोका टळला. विनायक भिंतीला टेकून रडायला लागला. नीलकंठरावांनी डॉक्टरांना रीतसर नमस्कार केला, आभाराची दोन नेमकी वाक्यं बोलले आणि क्षमाशेजारी येऊन बसले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "ते वापस येऊ शकते का काही करून?"

क्षमाने मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा कुठे, त्या दिवसात पहिल्यांदा, नीलकंठरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.