चौथ्या रिळातला भूकंप

थिएटर पाडायच्या आधी शेवटचा खेळ लावायचं मालकाच्या मुलानं ठरवलं आणि मला बोलावणं धाडलं. तोच जुना भूकंपाचा सिनेमा, आवाजाचे तेच चार खोके आणि ऑपरेटर मीच. मी एका पायावर तयार झालो. मला ऐकू येत नाही हे काही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. माणूस बहिरा झाला की लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलायला लागतात. माझ्या वडिलांचं तेच झालेलं मी पाहिलंय. म्हणून मी ओठ वाचायला शिकलो. हिच्याशी तर दिवसभर गप्पा मारायचो, एक शब्द चुकायचो नाही. पण खरं सांगतो, फार दमायला होतं. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात.

हल्ली पडद्यावर अख्खी पृथ्वी बुडाली तरी माणसं फोन बघत बसतात. आमच्या वेळी एक शहर पडायचं आणि हॉलमधली माणसं शेजाऱ्याचा हात धरायची, ओळख नसली तरी. शेवटच्या रांगेमागे कपाटाएवढे चार खोके होते. त्यांचा आवाज कानांपेक्षा पोटाला जास्त कळायचा. मॅनेजरनं दारावर पाटी लावली होती, ‘कमकुवत हृदयाच्या माणसांनी स्वतःच्या जबाबदारीवर बसावे.’ कुणा डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, त्याच्याच डोक्यातली कल्पना. दुसऱ्या दिवशी रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. डोअरकीपर छताखालच्या फळीवर चढून भूकंपाच्या वेळी लोकांवर चुन्याचे तुकडे टाकायचा. शेजारच्या घड्याळजीचं भिंग डोळ्यावर टिकायचं नाही. तो रोज चार वाजता दुकानाचं दार ओढून घ्यायचा आणि बाहेर उभा राहून आम्हाला शिव्या घालायचा.

केबिनमध्ये मशीनचीच एवढी खडखड असायची की हॉलमधलं धड काही ऐकू येत नसे. म्हणून मी माझी एक रीत बसवली होती. टेबलावर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, आवाजाचं बटण हळूहळू फिरवायचं आणि पाण्यावर वर्तुळं उठली की थांबायचं. बारा आठवडे, रोज तीन खेळ, एकदाही चूक नाही. या कामाला कान लागतातच कुठे?

खेळाच्या दिवशी दुपारी हिला शेवटच्या रांगेत कडेला बसवलं आणि मी वर गेलो. मालकाच्या पोरानं केबिन झाडून घेतली होती. खडखड खाली जाऊ नये म्हणून मशीन आणि टेबल, दोन्हींखाली जाड रबर घातलं होतं. मला बरं वाटलं. पेला भरून ठेवला.

चौथं रीळ लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात खुणेचा ठिपका दिसताच बटण तीनवर नेलं. पाणी ढिम्म. चारवर नेलं, तरी ढिम्म. खोकेही माझ्यासारखेच थकले असणार, म्हणून पाच केलं. झरोक्यातून पाहिलं तर माणसं उभी राहिली होती, कुणी कान दाबून धरले होते, एक बाई दाराकडे पळत होती. माझा ऊर भरून आला. पूर्वीही अगदी असंच व्हायचं! मी सहा केलं. वरून चुना पडला. डोअरकीपरला जाऊन आठ वर्षं झाली, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही.

दार ढकलून ही आत आली. जिना चढून धाप लागलेली, केसांत चुना. आल्या आल्या हिनं बटण शून्यावर आणलं.

“कुणाला लागलं का?” मी विचारलं.

“नशीब, नाही. सगळे ‘बंद करा, बंद करा’ म्हणून ओरडत होते.”

“ऐकलं ना मी! पण हे बटणच मेलं अडकलं...”

“पुरे आता.” ही स्टुलावर टेकली. “तुम्हाला ऐकू येत नाही. मला माहीत आहे.”

मी विचारलं, “कधीपासून?”

“गेल्या वर्षी माझा घसा बसला होता. आठ दिवस आवाज फुटत नव्हता. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, घशाला काय झालं म्हणून. सगळ्याची उत्तरं मात्र बरोबर देत होतात.” हिनं पदरानं तोंड पुसलं. “तेव्हापासून तुमच्याशी बोलताना मी आवाज काढतच नाही. नुसते ओठ हलवते. मीही दमते हो.”

“आत्तासुद्धा?”

हिनं मान डोलावली.

वर्षभर आमच्या घरात मी एकटाच मोठ्यानं बोलत होतो.