अठरा हजार नंबरचं दार

मी एक किल्ली बोलतेय. खिशात चाचपू नका, सापडणार नाही. मला ना दाते, ना कडी, ना कधी गंज चढणार. मी कॉम्प्युटरमधली एक लहानशी फाइल आहे. उघडून बघाल तर सात ओळींचा अक्षरांचा नुसता गोंधळ दिसेल. पण त्या गोंधळाने एका म्हाताऱ्या माणसाचं दार चार वर्षं राखलं. म्हणून म्हटलं, जायच्या आधी थोडं बोलून घ्यावं.

माझा जन्म एका रविवारी सकाळी झाला. माझी मालकीण एका कारखान्यात पितळी चाकांना दाते पाडायच्या मशीनवर काम करते. तिचे मामा घड्याळजी. ते बसने सहा तासांवरच्या गावात राहतात. चाळीस वर्षांत त्यांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या चाकांचे आराखडे हाताने काढून ठेवले होते. दात किती, व्यास किती, आरे किती जाडीचे, सगळं. भाचीने दोन सुट्ट्या घालवून ते वाळवी लागलेले बाराशे कागद मामांच्या कॉम्प्युटरवर चढवले. आता मामांचा हात थरथरतो. चाक लागलं की भाची इकडून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते, आराखडा काढते आणि चाक कापून पाठवते. अशी त्यांची रीत.

मी जन्मायच्या आधी हे काम पासवर्डवर चाले. पासवर्ड काय, तर मामींचं नाव. तेही चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेलं.

एक दिवस भाचीने मामांच्या कॉम्प्युटरची ये-जा टिपणारी नोंदवही उघडली. आत येण्याचं जे ठरलेलं दार असतं, बावीस नंबरचं, ते सगळ्या जगाला ठाऊक असतं. त्या दारावर एका दिवसात चार हजार अनोळखी टकटक झाल्या होत्या. कोण कुठले, नावं बदलून बदलून पासवर्ड घालून बघत होते. तिने फोन करून मामांना सांगितलं, आणि मामांची झोपच उडाली.

"चार हजार? माझ्या अख्ख्या आयुष्यात दुकानात चार हजार गिऱ्हाईकं आली नसतील!" मामा म्हणाले. "मी वायरच काढून टाकतो. ते कागद गेले तर माझ्याकडे राहिलं काय?"

"मामा, वायर काढलीस तर मीपण बाहेरच ना."

"तू ये की बसने."

"प्रत्येक चाकाला सहा तास? आणि रजा कोण देणार, तू?"

मागून मामी म्हणाल्या, "माझं नाव ठेवलंय पासवर्ड म्हणून! सगळा बाजार हाक मारतो मला त्या नावाने. चोराला अवघड ते काय?"

म्हणून मी जन्मले. एकटी नाही, जुळी. माझी बहीण एका ओळीच्या रूपात मामांच्या कॉम्प्युटरवर गेली, मी भाचीकडेच राहिले. बहिणीला कुणीही पाहिलं तरी बिघडत नाही. मला मात्र कुणी पाहता कामा नये. भाची दारावर गेली की तिकडून एक कोडं येतं. मी त्यावर सही करते, बहीण ती सही ओळखते आणि दार उघडतं. मी स्वतः कुठेच जात नाही. घरबसल्या काम, त्यामुळे माझी तक्रार कधीच नव्हती.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. भाचीने मला अशा जागी ठेवलं होतं, की त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कुणालाही मला वाचता आलं असतं. मला वापरणाऱ्या प्रोग्रामने साफ नकार दिला. जी किल्ली सगळ्यांना दिसते ती मी हातात धरणार नाही, असा त्याचा बाणा. मला ते फार आवडलं. भाचीने जीभ चावली, माझ्यावरची परवानगी फक्त स्वतःपुरती ठेवली, आणि मी कामाला लागले.

मग दाराचा नंबर बदलायचा ठरला. म्हणजे टकटक करणाऱ्यांना दार सहजी सापडू नये. मोठा नंबर कुठला घ्यायचा ते तिने मामांनाच विचारलं.

"अठरा हजार," मामा ताडकन म्हणाले. "जुनं मनगटी घड्याळ तासाला अठरा हजार ठोके देतं. हा आकडा मी मरेपर्यंत विसरायचो नाही."

हा नंबर दोन ठिकाणी लिहावा लागतो. एकदा दारवानाला, म्हणजे आत येणाऱ्याला तपासणाऱ्या प्रोग्रामला सांगायचं, की तू कुठल्या दारामागे बसायचं. आणि एकदा भिंतीला, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या प्रोग्रामला सांगायचं, की कुठे वाट मोकळी ठेवायची. भाची लिहीत होती आणि फोनवर बोलणं चालूच होतं.

"मामा, तू दिलेलं घड्याळ दिवसाला दहा सेकंद पुढे जातं."

"जाऊ दे. तासाला एकवीस हजार सहाशे ठोके देणारं आहे ते. त्याला एवढं माफ."

भिंतीला तिने अठरा हजार सांगितलं. दारवानाला सांगताना बोटांनी एकवीस हजार सहाशे लिहिलं. मी पडद्याआड बसून बघत होते, पण मला तोंड कुठे होतं? तिने पासवर्डचा रस्ता बंद केला, बावीस नंबरचं दार लावलं आणि खूश होऊन खिडकी मिटली. एकदा बाहेरून येऊन बघायचं राहूनच गेलं.

बुधवारी संध्याकाळी ती कामावरून धावतच घरी आली. वाचनालयातल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचं एक चाक झिजलं होतं. शुक्रवारी वाचनालय रंगरंगोटी होऊन पुन्हा उघडणार होतं, आणि तोवर घड्याळ चालू करून देतो असा शब्द मामांनी दिला होता. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी घेतलेलं हे पहिलंच एवढं मोठं काम. कारखान्यातलं मशीन गुरुवारी सकाळी दोन तास रिकामं मिळणार होतं, तेवढंच. चाक गुरुवारच्या दुपारच्या बसने पाठवलं तरच वेळेत पोचणार होतं.

भाचीने मला पुढे केलं. अठरा हजारच्या वाटेने आमची हाक गेली. उत्तर नाही. पुन्हा गेली. दारामागे कुणीच नव्हतं.

तिचा चेहरा पडला. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"मामा, मीच स्वतःला बाहेर कोंडून घेतलंय."

"बरं झालं," मामा म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. "आता कुणीच येणार नाही. वाचनालयाला कळवतो, जमत नाही म्हणून. असाही मी घड्याळं कमीच घेणार होतो."

भाचीने फोन जवळ ओढला. ती लाजरी आहे, भांडता येत नाही तिला. मग हळूच म्हणाली, "मामा, भिंग लाव."

"कशाला?"

"कॉम्प्युटरसमोर बस आणि भिंग लाव. मी सांगते तसं लिही. एक एक अक्षर."

"मला बिघडवायचं नाही काही."

"घड्याळ उघडताना तूच सांगायचास ना, स्क्रू निघेल त्या क्रमाने वाटीत ठेव, म्हणजे काही बिघडत नाही. कागद घे. बदलायच्या आधी जे असेल ते लिहून ठेव."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मामांची एका बोटाची टकटक सुरू झाली.

"स्लॅश म्हणजे कुठलं?"

"तिरकी रेघ. उजवीकडे झुकलेली."

"तुझ्या मामीसारखी म्हण की!"

"ऐकू येतंय मला," मामी म्हणाल्या.

वीस मिनिटांनी दारवानाची फाइल उघडली. मामा ओळी वाचत खाली आले आणि मध्येच थांबले.

"पोर्टपुढे एकवीस हजार सहाशे लिहिलंय." मग मामा खो खो हसायला लागले. "अगं वेडाबाई, हे तर तुझ्या मनगटावरचं घड्याळ! मला अठरा हजार सांगायला लावून स्वतःचंच घड्याळ बसवलंस होय?"

भाचीने कपाळावर हात मारला. आणि तीही हसायला लागली, डोळे पुसत.

मामांनी जुना आकडा कागदावर लिहून ठेवला, नवा घातला, दारवानाला पुन्हा उठवलं. मी सही केली. दार उघडलं.

"आलीस?" मामांनी फोनवर विचारलं.

"आले."

"जेवलीस का?"

"आधी आराखडा काढू दे रे!"

गुरुवारी चाक कापलं गेलं. चौसष्ट दात, एकही वाकडा नाही. शुक्रवारी मामांनी वाचनालयातून फोन केला आणि फोन टिकटिकणाऱ्या घड्याळाजवळ धरला. भाचीने शेजारच्या दोघींनाही मशीन थांबवून ऐकायला लावलं.

वायर काढायची भाषा मामांनी पुन्हा केली नाही. उलट एक हट्ट धरला. भाची आत आली की पहिल्यांदा त्यांचा निरोप दिसला पाहिजे. तो त्यांनी भिंग लावून स्वतः टाइप केला: "आलीस? जेवलीस का?" त्यानंतर प्रत्येक वेळी माझ्या सहीला हेच उत्तर आलं आहे.

आता भाचीने नवा कॉम्प्युटर घेतलाय. त्यावर नवी जुळी जन्मली. या वेळी तिने घाई केली नाही. जुनी वाट उघडी ठेवून शेजारच्या खिडकीतून नवीला आधी आत नेऊन बघितलं. मगच माझ्या बहिणीची ओळ पुसायची ठरली, आणि ती मामाच पुसणार आहेत.

"चाळीस वर्षांत चालतं घड्याळ मी कधी मोडीत काढलं नाही," ते कुरकुरले.

"किल्ली आहे ती मामा, घड्याळ नाही."

"चाललीच ना ती? मग?" असं म्हणून त्यांनी बहिणीची ओळ आधी कागदावर उतरवून घेतली. वाटीतल्या स्क्रूसारखी.

माझं दुःख काही नाही. मला कुणी चोरलं नाही, कुणी दाखवत फिरलं नाही, आणि माझ्यामुळे एक दार कधी चुकीच्या माणसाला उघडलं नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर तिला आपल्यापुरती ठेवा. आणि नवं दार बसवलंत, की जुनं लावायच्या आधी एकदा त्यातून आत येऊन बघा.

काल भाचीने मला शेवटचं वापरलं. काही काम नव्हतं, सहजच. कोडं आलं, मी सही केली, आणि ओळ उमटली: "आलीस? जेवलीस का?"

"जेवले, मामा," ती पडद्याकडे बघून म्हणाली, आणि तिने खिडकी मिटली.